आधुनिक चिनी साहित्य, संस्कृती आणि ओळख यांवरचं संशोधन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयात पदव्युत्तर प्रबंध किंवा पीएचडी करू पाहणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. बहुतेक अडचणी सिद्धान्तांमुळे येत नाहीत. त्या दोन साध्या प्रश्नांपाशी येतात : हातातला मजकूर कोणत्या वर्षीचा आहे, आणि त्यातला ‘चिनी’ हा शब्द नेमका कोणासाठी वापरला आहे?

‘आधुनिक’ म्हणजे कधीपासून?

चीनमधल्या विद्यापीठांत तीन कप्पे आहेत. १८४० ते १९१९ हा ‘चिनताइ’, १९१९ ते १९४९ ‘श्येनताइ’ आणि १९४९ नंतरचा ‘तांगताइ’. मराठीत आपण या सगळ्याला ‘आधुनिक’ म्हणून मोकळे होतो, आणि तिथेच पहिली चूक होते. ग्रंथालयाच्या सूचीत नुसतं ‘श्येनताइ साहित्य’ शोधलंत तर १९४९ नंतरचं जवळजवळ काहीच सापडणार नाही. ‘श्येनताइ’ आणि ‘तांगताइ’ हे दोन्ही शब्द टाकून दोनदा शोधा.

या कप्प्यांच्या सीमारेषा अफूचं युद्ध, ४ मे १९१९ चं आंदोलन आणि जनता प्रजासत्ताकाची स्थापना अशा राजकीय घटनांवर आखल्या आहेत. साहित्याचं घड्याळ त्यांच्याशी जुळत नाही. बोलभाषेत लिहा असं सांगणारा हू श यांचा लेख ‘शिन छिंगन्येन’ मासिकात जानेवारी १९१७ मध्ये आला. लू शून यांची ‘वेड्याची रोजनिशी’ ही कथा त्याच मासिकात मे १९१८ मध्ये आली. म्हणजे ज्याला ‘चार मे साहित्य’ म्हणतात त्याची सुरुवात त्या तारखेच्या आधीची आहे. १९८५ मध्ये छ्येन लीछुन, ह्वांग चफिंग आणि छन फिंगय्वेन या तिघांनी ‘विसाव्या शतकातलं चिनी साहित्य’ अशी सलग कल्पना मांडली ती हेच कप्पे मोडण्यासाठी. तुमचा विषय १९३० ते १९६० असा कप्पे ओलांडणारा असेल, तर तो का ओलांडता हे प्रस्तावनेतच सांगा. परीक्षक विचारतोच.

चिनी भाषा किती यायला हवी?

एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेच्या जुन्या सहापातळी रचनेत चौथ्या पातळीला १,२००, पाचवीला २,५०० आणि सहावीला ५,००० शब्द धरले होते. (२०२१ मध्ये नऊ पातळ्यांची नवी रचना जाहीर झाली. प्रवेशाच्या अटी वाचताना कोणती रचना धरली आहे ते पाहा.) पाचवी पातळी झाली की भाषांतर शेजारी ठेवून कथा वाचायला सुरुवात करता येते. सहावी झाली तरी कादंबरी सहज वाचता येईल असं समजू नका, कारण परीक्षेचे शब्द कचेरी, प्रवास आणि बातम्यांचे असतात. साहित्यात शेतीची अवजारं, नात्यांची नावं, शिव्या आणि बोलीभाषा येतात.

अक्षरओळखीचं मोजमाप वेगळं. २०१३ च्या प्रमाण तक्त्यात ८,१०५ अक्षरं आहेत आणि त्यांतली पहिल्या पातळीची ३,५०० रोजच्या वाचनाला पुरतात. पण ही सोपी केलेली अक्षरं झाली. सोपीकरणाची योजना १९५६ ची, त्यामुळे त्याआधीचं सगळं छापील साहित्य पारंपरिक अक्षरांत आहे, आणि तैवान व हाँगकाँगमध्ये आजही तीच चालतात. लू शून यांच्या काळातलं मासिक उघडलं की अक्षरं पारंपरिक, ओळी उभ्या आणि वाचन उजवीकडून डावीकडे. याची सवय पहिल्या वर्षीच लावून घ्या. शेवटच्या वर्षी ती लागत नाही.

अभिजात चिनीचा एक अभ्यासक्रमही हवा. ‘वेड्याची रोजनिशी’ची प्रस्तावना अभिजात भाषेत आहे आणि रोजनिशी बोलभाषेत. प्रस्तावना सांगते की वेडा बरा झाला आणि सरकारी नेमणुकीच्या प्रतीक्षेत निघून गेला. माणसं माणसांना खातात हे ओरडून सांगणारा शेवटी त्याच व्यवस्थेत शिरला, ही कथेची कळ भाषांच्या या सांध्यात आहे. दोन्ही भाग एकाच सुरात वाचले तर ती हाती लागत नाही. मराठीत आणायची झालीच, तर प्रस्तावनेला निबंधमालेच्या वळणाची संस्कृतप्रचुर मराठी आणि रोजनिशीला आजची बोली, एवढा भेद तरी करावा लागेल.

चिनी नावं देवनागरीत कशी लिहायची?

इंग्रजी स्पेलिंग पाहून नव्हे. फिनयिन म्हणजे चिनी उच्चार रोमन लिपीत लिहिण्याची पद्धत, इंग्रजी उच्चार नव्हे. तिच्यातले ‘बी’, ‘डी’, ‘जी’ हे आपले ब, ड, ग नाहीत. ते अल्पप्राण प, त, क आहेत. ‘पी’, ‘टी’, ‘के’ हे महाप्राण : फळातला फ, थ, ख. इंग्रजी बोलणाऱ्याला हा फरक शिकवताना तोंडासमोर कागद धरून फुंकर दाखवावी लागते. ‘ताट’ आणि ‘थाट’ म्हणणाऱ्याला तो शिकवावा लागत नाही. फिनयिनचा ‘एफ’ मात्र फोनमधला फ.

पुढची गंमत खास मराठीची आहे. फिनयिनचा ‘झेड’ म्हणजे ‘चाक’, ‘चूक’ यांतला च, आणि ‘जे’ म्हणजे ‘चार’, ‘चिंच’ यांतला च. हिंदी भाषकाकडे पहिला नाही, आपल्याकडे दोन्ही आहेत. ‘क्यू’ म्हणजे छत्रीतला छ. ‘सी’ हा चाकातल्या च चा महाप्राण. तो आपल्याकडे नाही, म्हणून ‘त्स’ लिहून भागवतात. ‘झेड-एच’ जीभ मागे वळवून म्हटलेला च.

अडचण अशी की उच्चारात हे वेगळे असले तरी लिहिताना तिन्ही ‘च’वर येतात. अर्थ बदलणारे सूरही लिहिले जात नाहीत. शानशी नावाचे दोन प्रांत शेजारी-शेजारी आहेत आणि त्यांच्यात फरक फक्त सुराचा. रोमनमध्येसुद्धा एकाला जादा ‘ए’ देऊन निभावतात. म्हणून प्रबंधात पहिल्या उल्लेखाला देवनागरी, चिनी अक्षरं आणि फिनयिन तिन्ही द्या. पुढे नुसती देवनागरी चालते. बीजिंग, माओ, शांघाय अशी वर्तमानपत्रांनी रुळवलेली रूपं बदलण्याचा हट्ट नको.

जुन्या इंग्रजी ग्रंथांत वेड-जाइल्स पद्धतीची स्पेलिंगं असतात. तिथे कादंबरीकार पा चिन ‘पी’ने लिहिलेले सापडतील आणि नव्या ग्रंथांत ‘बी’ने. डेटाबेसमध्ये दोन्ही रूपांनी शोधलं नाही तर साधारण १९८० च्या आधीचे बरेच संदर्भ निसटतात.

टोपणनावांचं काय करायचं?

सूचीत लेखक रूढ टोपणनावाखाली ठेवा आणि ते तोडू नका. ‘शून, लू’ अशी नोंद चूक आहे. लू शून यांचं खरं नाव चोउ शूरन. ‘लू’ हे आईच्या माहेरचं आडनाव. त्यांनी शंभरावर टोपणनावं वापरली, तेव्हा तीसच्या दशकातला एखादा लेख ‘अज्ञात लेखकाचा’ म्हणून सोडून देण्याआधी टोपणनावांचा कोश पाहावा लागतो. शन येनपिंग यांनी १९२७ मध्ये ‘विरोधाभास’ या अर्थाचा शब्द नाव म्हणून घेतला. ते उघडच टोपणनाव वाटलं असतं, म्हणून संपादक ये शंगथाओ यांनी पहिल्या अक्षरावर गवताचं चिन्ह चढवलं आणि ‘माओ तुन’ हे आडनावासारखं दिसणारं नाव तयार झालं. नावातल्या अशा खुणा देवनागरीत दिसत नाहीत. अक्षरं बघायला हवीत असं वारंवार सांगावं लागतं ते यासाठी.

एकाच कादंबरीच्या इतक्या आवृत्त्या असतात. कोणती धरायची?

तुमचं विधान कशाबद्दल आहे त्यावर ते ठरतं. लाओ श यांची ‘उंट श्यांगच’ घ्या. बीजिंगच्या रिक्षा ओढणाऱ्याची ही कथा १९३६–३७ मध्ये मासिकातून क्रमशः आली. तिथे शेवटी श्यांगच पुरता ढासळतो आणि त्याला आवडणारी श्याओ फूच गळफास घेते. १९४५ च्या इंग्रजी भाषांतरात भाषांतरकाराने परस्पर सुखान्त जोडला, आणि अमेरिकेत पुस्तक धडाक्यात खपलं. १९५५ मध्ये चीनमध्ये सुधारित आवृत्ती निघाली तेव्हा शेवटचं प्रकरण आणि त्याआधीच्या प्रकरणाचा काही भाग गेला, कारण नव्या समाजात कष्टकऱ्याची अशी अधोगती दाखवणं अवघड होतं. म्हणजे तीन पुस्तकं, तीन शेवट. ‘लाओ श यांचा नियतिवाद’ असं शीर्षक ठेवून १९५५ ची प्रत वापरणं म्हणजे पाया काढून इमारत मोजणं.

माओंच्या यान’आन इथल्या साहित्य-कलेवरच्या भाषणांचंही तेच. भाषणं मे १९४२ ची, छापून आली १९ ऑक्टोबर १९४३ रोजी, आणि निवडक लेखनाच्या १९५३ च्या खंडात मजकूर बदलला. चाळीसच्या दशकातल्या लेखकांनी वाचला तो १९४३ चा पाठ. इंग्रजीत त्याचं भाषांतर बॉनी मॅकडूगल यांनी १९८० मध्ये केलं आहे.

पा चिन यांनी ‘घराणं’ पुन्हा पुन्हा सुधारली. छन चोंगश यांच्या ‘पांढऱ्या हरणाचं पठार’ला १९९७ मध्ये माओ तुन पुरस्कार मिळाला तो सुधारित पाठाला, १९९३ च्या मूळ पाठाला नव्हे. च्या फिंगवा यांच्या १९९३ च्या ‘उजाड राजधानी’त लेखकाने जागोजागी चौकोनी खोके ठेवून ‘इथे लेखकाने इतकी अक्षरं काढली’ असं छापलं होतं. पुस्तकावर बंदी आली आणि २००९ मध्ये ते परत निघालं तेव्हा खोक्यांच्या जागी टिंबं होती. गाळण्याचा देखावा हाच त्या कादंबरीचा एक भाग आहे असं मानणाऱ्याला २००९ ची प्रत निरुपयोगी.

पडताळणी अशी करा. आधी क्रमशः छापलेला मजकूर, मग पहिलं पुस्तक, मग पन्नासच्या दशकातली आवृत्ती, शेवटी समग्र वाङ्मय. चारही मिळणं क्वचितच. निदान दोन मिळवा आणि सुरुवात, शेवट व ज्या उताऱ्यावर तुमचा मुद्दा उभा आहे तो उतारा ओळीला ओळ लावून पाहा. चिनी पुस्तकाच्या श्रेयपानावर आवृत्ती आणि मुद्रण वेगवेगळे दिलेले असतात. ‘तिसरं मुद्रण’ म्हणजे तिसरी आवृत्ती नव्हे. तिथेच अक्षरसंख्या हजारांत छापलेली असते आणि दोन प्रतींत मोठी तफावत दिसली तर काटछाटीचा संशय घ्यायला हरकत नाही. पण तो पुरावा मानू नका : हा आकडा पानाच्या मांडणीवरून, ओळी गुणिले अक्षरं असा काढतात, त्यामुळे टाइप बदलला तरी तो बदलतो.

लू शून यांचं समग्र वाङ्मय कोणतं वापरावं?

१९३८ चे २० खंड, १९५८ चे १०, १९८१ चे १६ आणि २००५ चे १८ खंड. दाखल्यासाठी २००५ ची प्रत रूढ आहे. १९३८ च्या संचात त्यांनी केलेली भाषांतरंही आहेत. भाषांतरकार लू शून यांच्यावर काम असेल तर तो पाहावाच लागतो. १९५८ आणि १९८१ मधल्या तळटीपा मात्र तळटीपा म्हणून न वाचता त्या त्या काळाचा दस्तऐवज म्हणून वाचा. कोणाला ‘प्रतिगामी’ म्हटलं आहे आणि पुढच्या संचात तो शब्द कसा गळाला, यावरच एक चांगला निबंध होऊ शकतो.

समग्र वाङ्मय हाताशी असताना जुनं मासिक कशाला पाहायचं?

शेजारी काय छापलं होतं ते कळावं म्हणून. लू शून यांची ‘आ क्यू’ची कथा डिसेंबर १९२१ पासून बीजिंगच्या एका दैनिकाच्या पुरवणीत येऊ लागली. पहिला भाग ‘गमतीच्या गोष्टी’ अशा सदरात होता, पुढचे साहित्याच्या सदरात गेले. पहिल्या प्रकरणाचा थट्टेचा सूर कुठून आला हे त्या पानावर दिसतं, पुस्तकात दिसत नाही.

जुन्या प्रतींवर सन ‘मिनक्वो’ पद्धतीत असतो. त्यात १९११ मिळवा : मिनक्वो २४ म्हणजे १९३५. तैवानमध्ये हीच कालगणना अजून चालते. तिथल्या ‘१०४’ सालच्या प्रबंधाला २००४ समजणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. तो २०१५ चा.

निव्वळ इंग्रजी भाषांतरांवर प्रबंध होईल का?

चिनी साहित्याचा म्हणून होणार नाही. भाषांतरांचा म्हणून उत्तम होईल. ल्यू त्सशिन यांची ‘तीन पिंडांची समस्या’ २००८ मध्ये पुस्तकरूपाने आली तेव्हा सांस्कृतिक क्रांतीचा भाग मध्यभागी होता. केन ल्यू यांच्या २०१४ च्या इंग्रजी भाषांतरात, लेखकाच्या मूळ इच्छेप्रमाणे, तो सुरुवातीला आला. ‘कादंबरी सांस्कृतिक क्रांतीच्या हिंसेने उघडते’ हे वाक्य चिनी वाचकाला चुकीचं वाटेल आणि इंग्रजी वाचकाला बरोबर.

‘आयडेंटिटी’ला मराठीत काय म्हणावं?

‘अस्मिता’ शक्यतो टाळा. मराठीत त्या शब्दाला अभिमानाचा आणि राजकारणाचा वास आहे. ‘ओळख’ बरा, जरी त्यात परिचयाचाही अर्थ येतो. चिनी लेखनात दोन शब्द भेटतात. ‘शनफन’ म्हणजे दर्जा, कागदोपत्री असलेलं स्थान. ‘रन्थोंग’ मध्ये ‘ओळखून मान्य करणं’ आणि ‘समान’ अशी दोन अक्षरं आहेत. तो क्रियापद म्हणूनही चालतो. त्यामुळे तैवानवरच्या लेखात ‘रन्थोंग’ आला की माणूस कोण आहे यापेक्षा तो स्वतःला कोणात धरतो, हा प्रश्न असतो. दोन्हींना एकच मराठी शब्द लावला की युक्तिवाद घसरतो.

मग ‘चिनी’ म्हणजे कोण?

मराठीत ‘चिनी’ हा शब्द देश, भाषा, वंश आणि पूर्वज या सगळ्यांना पुरतो. चिनीत ‘चोंगक्वोरन’ म्हणजे चीन देशाचा माणूस, ‘ह्वारन’ म्हणजे चिनी वंशाचा (मग तो मलेशियाचा नागरिक का असेना), ‘ह्वाछ्याओ’ म्हणजे परदेशात राहणारा चिनी नागरिक, आणि ‘हान’ हा चीनमध्ये मान्य असलेल्या ५६ समूहांपैकी एक. भाषेलाही बीजिंगमध्ये ‘फूथोंगह्वा’, तैपेईत ‘क्वोयू’ आणि सिंगापूरमध्ये ‘ह्वायू’ म्हणतात.

चिनी साहित्याचे मानदंड मानलेले लेखकसुद्धा या शब्दांत सरळ बसत नाहीत. लाओ श मांचू होते. शन त्सोंगवन यांच्या घराण्यात म्याओ रक्त होतं. ऊ च्वोल्यू यांनी ‘आशियाचं अनाथ मूल’ ही तैवानी माणसाची कादंबरी जपानी भाषेत लिहिली, कारण १८९५ ते १९४५ तैवान जपानच्या ताब्यात होतं. काओ शिंगच्येन यांना २००० मध्ये नोबेल मिळालं तेव्हा ते फ्रेंच नागरिक होते. चीनमध्येच राहणाऱ्या मो येन यांना २०१२ मध्ये मिळालं तेव्हा चीनमधल्या प्रतिक्रिया अर्थातच वेगळ्या होत्या. या गुंत्यातून श शूमेइ यांनी ‘सायनोफोन’ ही संकल्पना पुढे आणली : देशाऐवजी भाषेच्या वावराभोवती अभ्यास बांधणं, आणि त्यातून मुख्य भूमीला केंद्र न मानणं. संकल्पना कामाची आहे. मात्र ती चीनमधल्या हान लेखकांना कितपत लागू करायची यावर वाद आहे आणि प्रबंधात त्यावर भूमिका घ्यावी लागते, नुसता शब्द वापरून सुटका नाही.

सी. टी. श्या यांचा आधुनिक चिनी कथासाहित्याचा १९६१ चा इतिहास अजून वाचायचा का?

हो, आणि प्रूशेक यांच्या टीकेसह. श्या यांनी चांग आयलिंग, शन त्सोंगवन आणि छ्येन चोंगशू यांना मोठी जागा दिली, तेव्हा चीनमधल्या इतिहासांत त्यांना जवळजवळ स्थान नव्हतं. प्राग इथले यारोस्लाव प्रूशेक यांनी त्यांच्यावर राजकीय पूर्वग्रहाचा आरोप केला आणि श्या यांनी लांबलचक उत्तर दिलं. शीतयुद्ध दोघांच्याही वाक्यावाक्यांत आहे. तरीही जवळून वाचन कसं करावं हे श्या यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

सामग्री कुठे मिळते?

चीनमधलं नियतकालिक संशोधन ‘सीएनकेआय’ या ऑनलाइन सेवेवर. एप्रिल २०२३ पासून परदेशी वर्गणीदारांसाठी प्रबंधांसह तिचे काही विभाग बंद झाले, म्हणून नुसत्या तिच्यावर आराखडा बेतू नका. तैवानच्या राष्ट्रीय केंद्रीय ग्रंथालयाच्या प्रबंधसंग्रहात अनेक प्रबंध पूर्ण मजकुरासह विनामूल्य मिळतात. हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीचा हाँगकाँग साहित्याचा डेटाबेस खुला आहे. १९४९ पूर्वीच्या मासिकांसाठी शांघाय ग्रंथालयाचा नियतकालिक संग्रह. हस्तलिखितं आणि पत्रांसाठी पा चिन यांच्या पुढाकारातून १९८५ मध्ये उभं राहिलेलं बीजिंगचं आधुनिक चिनी साहित्य संग्रहालय, आणि तैवानसाठी ताइनानचं साहित्य संग्रहालय. भारतात शांतिनिकेतनचं चीना भवन (१९३७, थान युनशान यांच्या प्रयत्नांतून) आणि दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठ. पुण्यात पु. वि. बापट यांच्यासारख्यांनी चिनीचा अभ्यास केला तो बौद्ध ग्रंथांसाठी; आधुनिक साहित्याची सामग्री तिथे शोधू नका.

मराठी संशोधकाच्या हाताशी असा कोणता विषय आहे?

‘लू शून आणि अमुक मराठी लेखक : एक तुलना’ नको. साम्यं नेहमीच सापडतात आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही. प्रत्यक्ष संबंध असलेलं काही घ्या.

सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांना शेवटी ‘ह्वा’ जोडलं गेलं, म्हणजे चीन. कोटणीस झाले ‘ख तीह्वा’. पत्नी क्वो छिंगलान यांच्यापासून झालेल्या मुलाचं नाव ‘यिनह्वा’ : भारत आणि चीन. शांताराम यांचा १९४६ चा चित्रपट, मराठीतल्या आठवणी आणि चीनमधलं स्मरणलेखन हे तीन थर एकमेकांशी ताडून पाहिले तर ‘आपला’ कोटणीस प्रत्येक ठिकाणी वेगळा कसा घडवला गेला हे पुराव्यानिशी दाखवता येईल. पथकातले चोळकर नागपूरचे. त्यांच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं आहे.

दुसरा विषय माझगावचा. तिथलं सी यूप मंदिर क्वांगतोंग प्रांतातल्या चार तालुक्यांतून आलेल्या खलाशी-कारागिरांच्या वस्तीची खूण आहे. ‘सी यूप’ म्हणजेच ‘चार तालुके’, आणि तोही कॅन्टनी उच्चारात. १९६२ नंतर भारतातल्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानात देवळी इथे डांबलं गेलं. इथे काम करताना मँडरिन पुरत नाही. मुंबईत कॅन्टनी, कोलकात्यात हाक्का लागते. मुलाखतींआधी लेखी संमती घ्या आणि देवळीबद्दल पहिल्याच भेटीत विचारू नका.